वय, चढण आणि देणगी

निवृत्तीनंतर अनेक वर्षांनी एखादी व्यक्ती डोंगर चढायला निघते आणि त्या चढाईमुळे रुग्णांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेकडे निधी जमा होतो. ब्रिटनमध्ये ही पद्धत चांगलीच रुळलेली आहे. स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरील गेअरलॉख गावचे निक गार्डनर यांनी जुलै २०२० मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, देशातील ३,००० फुटांहून उंच अशी सर्व २८२ शिखरे चढायला सुरुवात केली. त्यांच्या पत्नीला अल्झायमर आणि ऑस्टिओपोरोसिस म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार होता. या दोन्ही आजारांसाठी काम करणाऱ्या अल्झायमर स्कॉटलंड आणि रॉयल ऑस्टिओपोरोसिस सोसायटी या संस्थांसाठी ही मोहीम होती. ऑगस्ट २०२२ मध्ये केर्न गॉर्म या शिखरावर ती पूर्ण झाली, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

अशी बातमी वाचली की दोन प्रश्न पडतात. ज्या वयात जिना चढतानाही धाप लागते, त्या वयात शरीर डोंगर कसा चढते? आणि एकाने डोंगर चढल्यावर दुसऱ्याने तिसऱ्यालाच पैसे का द्यावेत? पहिल्याचे उत्तर शरीरशास्त्रात सापडते, दुसऱ्याचे माणसाच्या मनात. पहिल्या उत्तराचे मर्म थोडक्यात असे: घाई न करता पुरेसा वेळ देणे.

मन्रो शिखरे: उंचीपेक्षा चढण मोठी

स्कॉटलंडमधील ३,००० फुटांवरील (९१४.४ मीटर) प्रमुख शिखरांना ‘मन्रो’ म्हणतात. सर ह्यू मन्रो यांनी १८९१ मध्ये त्यांची पहिली यादी प्रसिद्ध केली. पुढे मोजमापे अचूक होत गेली तशी ती बदलत गेली. आज तिच्यात २८२ शिखरे आहेत. सर्वांत उंच बेन नेव्हिस १,३४५ मीटर आहे. स्काय बेटावरील ‘इनॲक्सेसिबल पिनॅकल’ हा सुळका सोडला तर बाकी शिखरांच्या सोप्या वाटांवर दोराच्या साहाय्याने कातळ चढावा लागत नाही. त्या पायी चढता येतात.

महाराष्ट्रातील वाचकाला ही उंची फारशी वाटणार नाही, कारण कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. पण कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच समुद्रसपाटीपासून कित्येक शे मीटर उंचीवर आहे. बेन नेव्हिसची वाट जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. म्हणजे त्या शिखराची जवळपास सगळी उंची पायांनीच चढावी लागते. शिवाय तेथील वाटा दलदलीतून, ओढ्यांतून आणि सुट्या दगडांतून जातात. बेन नेव्हिसच्या माथ्यावर १८८३ ते १९०४ या काळात हवामान वेधशाळा होती. तिच्या नोंदींनुसार त्या काळात माथ्याचे वार्षिक सरासरी तापमान शून्याच्या किंचित खाली होते. त्या वेधशाळेसाठी घोड्यांची ये-जा व्हावी म्हणून जी वाट बांधली, तीच आजची सर्वांत वर्दळीची वाट आहे.

वयाबरोबर काय कमी होते

श्रम करताना स्नायूंना प्राणवायू लागतो. फुप्फुसे तो हवेतून घेतात, हृदय रक्ताबरोबर तो पुढे ढकलते आणि स्नायू तो वापरतात. एका मिनिटात शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे श्रमक्षमतेचे सर्वांत उपयोगी माप आहे. व्यायाम न करणाऱ्यांमध्ये ही क्षमता तिशीनंतर दर दशकाला सुमारे १० टक्के घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ही घट बरीच मंद असते.

या घटीचे एक मोठे कारण म्हणजे हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा वयाबरोबर खाली येते. तिचा अंदाज काढण्याचे एक प्रचलित सूत्र आहे: २०८ मधून वयाच्या ०.७ पट वजा करायचे. तिसाव्या वर्षी हा आकडा मिनिटाला १८७ येतो, तर पंचाहत्तराव्या वर्षी सुमारे १५५. कमाल ठोके कमी झाले की मिनिटाला पुढे जाणारे रक्तही कमी होते. हा बदल व्यायामाने फारसा थांबवता येत नाही.

दुसरी घट स्नायूंची. वयाबरोबर स्नायूंचे आकारमान कमी होते, आणि झटकन जोर लावणारे तंतू आधी व अधिक प्रमाणात झिजतात. सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे तंतू तुलनेने टिकून राहतात. त्यामुळे सत्तरीतील माणसाला धावत जिना चढणे जड जाते, पण संथ गतीने चार तास चालणे जमू शकते. तोल सावरताना मात्र झटकन जोर लावणारे तंतूच कामी येतात. त्यात नजर मंदावलेली असते आणि कानाच्या आतील तोल सांभाळणारी यंत्रणाही पूर्वीइतकी तल्लख नसते. म्हणून पाय घसरला तर सावरायला उशीर होतो.

काय परत मिळवता येते

कमाल ठोक्यांची मर्यादा वाढवता येत नसली, तरी बाकी बऱ्याच गोष्टी सुधारतात. नियमित चालण्याने हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर अधिक रक्त पुढे जाऊ लागते, स्नायूंमधील बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते आणि पेशींमधील ऊर्जा तयार करणाऱ्या केंद्रांची संख्या वाढते.

ताकदीच्या बाबतीत तर वयाची अट फार सैल आहे. बॉस्टनमधील संशोधकांनी १९९० मध्ये वृद्धाश्रमातील सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा जणांकडून मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला. व्यायाम हलका नव्हता आणि तो आठ आठवडे चालला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांच्या स्नायूंची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. गट लहान होता, पण नव्वदीतील स्नायूही व्यायामाला प्रतिसाद देतो हे त्यातून स्पष्ट झाले आणि पुढच्या संशोधनाने त्याला दुजोरा दिला.

चढण्याचे गणित

डोंगर चढताना शरीर स्वतःचे वजन गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर नेते. ७० किलोंची व्यक्ती आणि ७ किलोंची पाठपिशवी १,००० मीटर वर न्यायला लागणारे काम ठरलेले असते, मग ते दोन तासांत करा की चार तासांत. बदलतो तो एका मिनिटाचा भार. ताशी ६०० मीटर उंची गाठायची तर स्नायूंना सतत सुमारे १२५ वॉट शक्ती द्यावी लागते. ताशी ४०० मीटर गाठायची तर ८५ वॉट पुरतात. शरीर त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा खर्च करते, कारण स्नायूंतील बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पण दोन वेगांमधील प्रमाण तेच राहते.

याचा वयाशी संबंध असा. तिशीतील क्षमता १०० मानली, तर दर दशकाला १० टक्के घटत पंचाहत्तरीला ती साधारण ६२ उरते. एखाद्या वेगाने चढायला ४५ एवढा भार पडतो असे धरू. तरुणासाठी तो कमाल क्षमतेच्या निम्म्याहून कमी आहे. पंचाहत्तरीतील माणसासाठी तोच भार ७३ टक्क्यांवर जातो. इतक्या भाराखाली स्नायूंना प्राणवायू पुरेनासा होतो, श्वास फुलतो, साठवलेली साखर भराभर संपते आणि पाय भरून येतात. तोच माणूस वेग कमी करून भार ३० वर आणतो, तेव्हा टक्केवारी ४८ होते. आता शरीर चरबीतून मोठा वाटा उचलते आणि ही चढण तासन्‌तास चालू ठेवता येते. वयाने हिरावलेला असतो तो मिनिटाचा भार पेलण्याचा आवाका. एकूण काम करण्याची क्षमता त्या मानाने पुष्कळ शिल्लक असते.

योग्य वेग ओळखायला यंत्र लागत नाही. चढता चढता एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले, तर वेग बरोबर आहे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो जास्त आहे.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक सोपा नियम दिला. त्याचे मेट्रिक रूप असे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि चढणीवर दर ६०० मीटर उंचीला आणखी एक तास. बेन नेव्हिसची जाऊन-येऊन वाट साधारण १७ किलोमीटर आहे. अंतरासाठी ३ तास २४ मिनिटे आणि चढणीसाठी सव्वादोन तास, म्हणजे सुमारे पावणेसहा तास होतात. हा हिशेब तंदुरुस्त माणसाचा आणि चांगल्या हवामानाचा. सत्तरीपुढील व्यक्तीने तो दीडपट धरला तर साडेआठ तास होतात, आणि एक तास विश्रांतीसह साडेनऊ. जूनमध्ये तेथे रात्री दहाच्या सुमारास सूर्यास्त होतो, त्यामुळे सकाळी आठला निघाले तरी उजेड उरतो. डिसेंबरमध्ये दिवस सात तासांपेक्षाही लहान असतो. संथ चालणाऱ्याने हंगाम निवडला, तर त्याला हवे तेवढे तास मिळतात.

खरी परीक्षा उतारावर

चढताना दम लागतो, पण दुखापती बहुतेक उतरताना होतात. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना भार धरून ठेवतो. विहिरीत जड घागर दोराने खाली सोडताना दोर एकदम सुटू नये म्हणून हात सतत रोखून धरावे लागतात आणि तळवे सोलवटतात, तसे हे काम आहे. त्यात प्राणवायू कमी लागतो, म्हणून ते सोपे वाटते. पण स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या यामुळेच. त्याच दिवशी संध्याकाळी थकलेली मांडी भार पेलत नाही, गुडघा लटपटतो आणि पाऊल वेडेवाकडे पडते.

स्नायूंचा एक गुण इथे उपयोगी पडतो. एकदा उताराचा ताण सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे तशाच ताणाने फार कमी दुखावतो. म्हणून सरावात चढण्याइतकेच उतरण्यालाही स्थान हवे. जिना चढून लिफ्टने खाली आले, तर अर्धा सराव राहून जातो.

दुसरा आधार काठ्यांचा. दोन ट्रेकिंग पोल नीट वापरले तर उतारावर गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांपर्यंत कमी होतो, असे मोजमापांत आढळले आहे. उतरताना त्यांची लांबी थोडी वाढवायची, टोक पावलाच्या आधी पुढे टेकवायचे आणि मग पाऊल टाकायचे. निसरड्या जागी जमिनीला दोन जादा आधार मिळतात, त्यामुळे तोलही सावरतो. ज्यांची हाडे ठिसूळ आहेत त्यांच्यासाठी हे फार महत्त्वाचे. पडल्यावर तरुणाला जिथे खरचटण्यावर निभावते, तिथे त्यांचे मनगट किंवा खुबा मोडू शकतो.

थंडी, तहान आणि औषधे

साधारण दर हजार मीटरला हवा साडेसहा अंशांनी थंड होते. त्यात वारा आणि ओले कपडे असतील, तर शरीराची उष्णता झपाट्याने जाते. वाढत्या वयात त्वचेखालील रक्तवाहिन्या आकसून उष्णता राखण्याची आणि कुडकुडून ती निर्माण करण्याची क्षमता मंदावते. थंडी वाजण्याची जाणीवही उशिरा होते. म्हणून थांबताच, गारठा जाणवण्याआधीच, वरचा गरम थर अंगावर चढवावा.

तहानेचेही असेच आहे. वृद्धांमध्ये शरीराला पाणी कमी पडले तरी तहान पुरेशी लागत नाही. त्यामुळे तहानेवर विसंबून न राहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पिणे आणि काहीतरी खाणे ठरवूनच करावे लागते.

साठीनंतर अनेकांची कायमची औषधे सुरू असतात, आणि त्यांतील काही चढाईवर परिणाम करतात. रक्तदाबासाठीची काही औषधे, म्हणजे बीटा ब्लॉकर, हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. अशा व्यक्तीने ठोके मोजून वेग ठरवला तर फसगत होते. तिला बोलण्याची कसोटीच उपयोगी पडते. लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्यांनी शरीरातील पाणी लवकर घटते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर साध्या पडण्यातही आतला रक्तस्राव धोक्याचा ठरतो. मधुमेहात दीर्घ श्रमांनी साखर एकदम खाली येऊ शकते. औषधांत कोणताही बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करायचा.

हृदयाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. आल्प्समधील अभ्यासांनुसार, डोंगरात चालताना अचानक हृदय बंद पडण्याचा धोका पूर्वी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना जास्त असतो. सहलीच्या पहिल्या दिवशी तो अधिक आढळतो आणि नियमित डोंगर चालणाऱ्यांमध्ये कमी. म्हणून सराव सुरू करण्याआधी वैद्यकीय तपासणी, गरज असल्यास ट्रेडमिलवरची हृदयतपासणी, आणि मोहिमेचा पहिला दिवस मुद्दाम हलका, हे दोन नियम पाळावेत.

हवा विरळ होते तेव्हा

स्कॉटलंडच्या उंचीवर प्राणवायूची टंचाई जाणवत नाही. देणगीसाठीच्या चढायांत लोकप्रिय असलेल्या टांझानियातील किलिमांजारोवर मात्र तोच मुख्य प्रश्न असतो. त्याचे उहुरू शिखर ५,८९५ मीटर उंच आहे आणि तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच असते, पण दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासात तो निम्माच मिळतो.

शरीर याला टप्प्याटप्प्याने तोंड देते. पहिल्या काही तासांत श्वास खोल आणि जलद होतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त थोडे अल्कधर्मी होते. मग मेंदू श्वासाला लगाम घालू लागतो. पुढील दोन-चार दिवसांत मूत्रपिंडे जादा अल्क लघवीवाटे बाहेर टाकतात, तेव्हा तो लगाम सुटतो. तांबड्या पेशी वाढायला त्याहून जास्त काळ, म्हणजे आठवडे लागतात. हे सगळे होण्याआधीच घाईने वर गेले तर डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि निद्रानाश सुरू होतो. याला उंचीचा आजार म्हणतात. तो वाढला तर फुप्फुसात पाणी साचते किंवा मेंदूला सूज येते, आणि ताबडतोब खाली उतरवले नाही तर जीव जातो. अनेकांना दिल्या जाणाऱ्या ॲसिटाझोलामाइड या गोळीमुळे मूत्रपिंडांचे हे काम लवकर सुरू होते. ती डॉक्टरांनी दिली तरच घ्यावी.

वय वाढले म्हणून उंचीचा आजार जास्त होतो, असे दिसून आलेले नाही. तो टाळण्याचा नियम सर्व वयांना सारखाच आहे: ३,००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. किलिमांजारोच्या पाच-सहा दिवसांच्या सहली हा नियम मोडतात. सात-आठ दिवसांची वाट महाग पडते, पण ती शिखर गाठण्याची शक्यता वाढवते. अमेरिकेतील ॲन लोरिमोर यांनी २०१९ मध्ये ८९ व्या वर्षी हे शिखर गाठले. वंचित मुलांसाठी त्यांनी स्वतः स्थापन केलेल्या संस्थेच्या कामाला या चढाईतून बळ मिळावे, हा त्यांचा हेतू होता.

जपानच्या युइचिरो मिउरा यांनी २०१३ मध्ये ८० व्या वर्षी एव्हरेस्ट गाठले. तेव्हा दिवसाच्या चालीचे टप्पे मुद्दाम अर्ध्या दिवसापुरते ठेवले होते आणि उरलेला वेळ विश्रांतीसाठी होता. एरवीही ते घोट्यांना वजने बांधून आणि पाठीवर ओझे घेऊन चालण्याचा सराव करत. परतताना ते फार थकले आणि ६,५०० मीटरच्या आसपासच्या तळावरून त्यांना हेलिकॉप्टरने आणावे लागले. उतरण्यासाठी शक्ती राखून ठेवणे हा मोहिमेचाच भाग आहे, हे यातून दिसते.

चढाईतून निधी कसा उभा राहतो

एखाद्याने संस्थेला सरळ धनादेश दिला असता तर? मदत झाली असती, पण ती एका माणसाच्या ऐपतीएवढी. चढाईमुळे ओळखीच्या शेकडो लोकांपुढे मागणी ठेवता येते. देणगी न देण्याचे सर्वांत साधे कारण म्हणजे कोणी मागितलेली नसते. ओळखीच्या माणसाने मागितले की ते कारण उरत नाही.

पण मागण्याला कष्टांची जोड मिळाल्याने फरक का पडतो? ख्रिस्तोफर ओलिव्होला आणि एल्डार शाफिर या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. सत्कार्यासाठी मेजवानीऐवजी दमवणारी धाव किंवा थंडगार पाण्यात हात बुडवून ठेवण्यासारखा त्रास सोसावा लागणार असेल, तर लोक अधिक द्यायला तयार होतात, असे त्यांना आढळले. सोसलेल्या कष्टांमुळे कार्याला अर्थ आल्यासारखे वाटते. कार्य दुःखनिवारणाचे असेल तर हा परिणाम ठळक दिसतो. बागेसारख्या आनंदाच्या गोष्टीसाठी निधी जमवायचा असेल तर तो ओसरतो. स्मृतिभ्रंश, कर्करोग किंवा अपंगत्व यांसाठी चढाई केली की प्रतिसाद मिळतो, त्याचे एक कारण हे आहे.

कष्ट किती मोठे, हे लोक करणाऱ्याच्या वयाशी ताडून पाहतात. ब्रिटनमधील कॅप्टन टॉम मूर यांनी एप्रिल २०२० मध्ये, शंभरावा वाढदिवस जवळ आला असताना, वॉकरचा आधार घेऊन घराच्या अंगणात २५ मीटरच्या शंभर फेऱ्या मारल्या. उद्दिष्ट १,००० पौंडांचे होते. सरकारी आरोग्यसेवेच्या मदतसंस्थांसाठी ३ कोटी २० लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. अंतर अडीच किलोमीटर आणि चढण शून्य. म्हणून उतारवयातील व्यक्तीने उंच शिखराच्या मागे लागण्याची गरज नाही. स्वतःच्या प्रकृतीला कठीण पण झेपणारे उद्दिष्ट पुरेसे असते.

आधीच्या देणग्यांचाही परिणाम होतो. लंडन मॅरेथॉनच्या धावपटूंसाठी आलेल्या देणग्यांच्या अभ्यासात दिसले की सुरुवातीच्या रकमा मोठ्या असतील तर नंतरचे लोकही हात सैल सोडतात. नातेवाईक आणि जवळचे मित्र यांच्या देणग्या आधी मिळवाव्यात, त्या यामुळेच. मुंबईत २००४ पासून भरणाऱ्या मॅरेथॉनमुळे स्वयंसेवी संस्थांसाठी धावण्याची ही पद्धत महाराष्ट्रातही ओळखीची झाली आहे.

पैशाचा हिशेब

देणगीदाराचा विश्वास हिशेबावर टिकतो. परदेशी चढायांत दोन पद्धती असतात. पहिलीत चढणारी व्यक्ती प्रवास, वाटाडे आणि परवाने यांचा सगळा खर्च स्वतः करते आणि देणगीची पूर्ण रक्कम संस्थेला जाते. दुसरीत ठरावीक किमान निधी जमवला की सहलीचा खर्च त्यातूनच भागवला जातो. दुसरी पद्धत गैर नाही, पण देणाऱ्याला ती आधीच स्पष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटनमध्ये करदात्याने दिलेल्या प्रत्येक पौंडामागे संस्थेला सरकारकडून २५ पेन्स मिळतात. ‘गिफ्ट एड’ नावाची ही सवलत १९९० पासून आहे.

कॅप्टन मूर यांच्या उदाहरणातून हिशेबाचा दुसरा धडाही मिळतो. आरोग्यसेवेसाठी जमलेला निधी योग्य ठिकाणी पोहोचला. पण पुढे त्यांच्या नावाने निघालेल्या वेगळ्या प्रतिष्ठानाच्या कारभारात गैरव्यवस्थापन झाल्याचा निष्कर्ष ब्रिटनच्या धर्मादाय आयोगाने २०२४ मध्ये काढला. म्हणून निधी शक्यतो नोंदणीकृत, आधीपासून काम करत असलेल्या संस्थेच्या खात्यात थेट जावा आणि चढणाऱ्याच्या खात्यातून फिरू नये.

किलिमांजारोवर आणखी एक जबाबदारी येते. सामान वाहणाऱ्या हमालांच्या जिवावर ही चढाई होते. त्यांच्या ओझ्याला २० किलोंची मर्यादा आहे. त्यांना ठरलेली मजुरी, पुरेसे जेवण आणि उबदार कपडे देणारीच सहलसंस्था निवडावी. एकाच्या भल्यासाठी निघालेल्या मोहिमेत दुसऱ्याची पिळवणूक होऊ नये.

सहा ते नऊ महिन्यांची तयारी

वय वाढले की शरीर सरावाला प्रतिसाद देते, पण झीज भरून यायला जास्त दिवस लागतात. म्हणून तयारी लवकर सुरू करावी आणि सरावाच्या दोन कठीण दिवसांमध्ये मोकळा दिवस ठेवावा.

पहिले दोन-तीन महिने पाया घालण्याचे: आठवड्यातून चार-पाच दिवस चालणे आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठणे, पायरीवर चढ-उतर, टाचा उचलणे आणि एका पायावर उभे राहणे यांनी सुरुवात करून हळूहळू वजन वाढवावे.

पुढचे दोन-तीन महिने चढणीचे. मजला ३ मीटरचा धरला, तर चार मजले दहा वेळा चढल्यावर १२० मीटर चढण होते. पुण्यातील पर्वती किंवा सिंहगड यांसारख्या जागी पाठपिशवी आणि प्रत्यक्ष वापरायचे बूट घालूनच सराव करावा. शेवटच्या टप्प्यात लागोपाठ दोन दिवस लांब चाल करून पाहावी, कारण आदल्या दिवशीचा थकवा घेऊन चालणे हाच मोहिमेतला नवा भाग असतो. मोहिमेआधीचे दहा-बारा दिवस हलके ठेवावेत.

आहारात प्रथिनांकडे विशेष लक्ष हवे. ज्येष्ठांना रोज प्रतिकिलो वजनामागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घेण्याची शिफारस आहे. डाळी, उसळी, दूध, दही, अंडी, मासे हे प्रत्येक जेवणात विभागून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनी ठरवायचे.

निधीचे दडपण आणि परत फिरण्याचा निर्णय

शरीर आणि देणगी या दोन बाजू एकमेकींना भिडतात त्या शिखराच्या जवळ. इतक्या लोकांनी पैसे दिले, आता मागे कसे फिरायचे, या विचाराने माणूस छातीतील दुखणे लपवतो, डोकेदुखीकडे दुर्लक्ष करतो, अंधार पडत असतानाही वर जात राहतो. हा धोका तरुणांनाही आहे, पण वयस्कर शरीराकडे चूक सोसण्याची राखीव ताकद कमी असते.

उपाय घरूनच करून निघायचा असतो. निधीचे आवाहन लिहितानाच सांगावे की देणगी प्रयत्नासाठी आहे आणि शिखर गाठणे हवामानावर व प्रकृतीवर अवलंबून आहे. परत फिरण्याची वेळ घड्याळाच्या आकड्यात आधी ठरवावी. अंतिम शब्द वाटाड्याचा किंवा अनुभवी सोबत्याचा असावा. रुग्णांची मदत शिखरावर अवलंबून नसते. संस्थेला मिळालेला पैसा माथ्याच्या दोनशे मीटर खालून परतल्यानेही तेवढाच उपयोगी पडतो.

थोडक्यात

- वयाने मिनिटाला काम करण्याची क्षमता घटते. वेग कमी केला की एकूण चढण आवाक्यात येते.
- चढताना पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच वेग ठेवावा. नेस्मिथच्या नियमाने निघणारा वेळ दीडपट धरावा.
- स्नायूंची ताकद नव्वदीतही वाढते. उतरण्याचा सराव वेगळा करावा लागतो. दोन काठ्या वापराव्यात.
- तहान आणि थंडी यांची जाणीव उशिरा होते, म्हणून पाणी आणि गरम कपडे वेळ ठरवून वापरावेत.
- ३,००० मीटरच्या वर मुक्काम रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये.
- तयारीआधी हृदयाची तपासणी आणि चालू औषधांबाबत डॉक्टरांचा सल्ला आवश्यक.
- निधी थेट नोंदणीकृत संस्थेकडे जावा. सहलीचा खर्च कोण करणार, हे देणगीदाराला आधी सांगावे.
- परत फिरण्याची वेळ निघण्यापूर्वी ठरवावी आणि पाळावी.